तार दिसत नाही, खांब दिसतो!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या. पण विषय आपल्या भागातलाच आहे.

२५ मे २०१७. निलंग्याहून उडालेलं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर थोडं वर जाऊन खाली आलं, विजेच्या तारांत अडकलं आणि कोसळलं. सुदैवाने सगळे वाचले. भोकरला टीव्हीवर ते बघताना मी काकांना विचारलं, "हे तारांपासून लांब का नाही राहत?" काका लाईनमन. म्हणाले, "अगं, काही हेलिकॉप्टरं तर लाईन तपासायला मुद्दाम तारांजवळ उडतात!"

मला थापच वाटली. इलेक्ट्रिकलला आल्यावर कळलं की हे खरं आहे. पॉवरग्रिडने ४०० आणि ७६५ केव्हीच्या लाईन्ससाठी हेलिकॉप्टर वापरलं आहे. थर्मल कॅमेऱ्यात तापलेला जॉइंट दिसतो, साध्या कॅमेऱ्यात फुटलेला इन्सुलेटर. पण त्यासाठी खाली आणि हळू उडावं लागतं. धोका नेमका तिथेच आहे.

इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खालून येणाऱ्या हवेने पंखा फिरत राहतो आणि पायलट ते उतरवू शकतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. मात्र त्यासाठी उंची तरी हवी, नाहीतर वेग तरी. इथे दोन्ही कमी! म्हणून अशा कामाला दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर बरं.

दुसरा धोका तारेचा. टॉवरच्या टोकावरची अर्थ वायर बारीक असते, मागे रान असलं की दिसतच नाही. आडवी जाणारी दुसरी लाईन तर त्याहून वाईट. त्यामुळे पायलट टॉवर शोधतो आणि लाईन ओलांडायची तर टॉवरवरूनच ओलांडतो, कारण दोन टॉवरमध्ये तार झोळ खाते, टॉवरपाशी ती सगळ्यात उंच असते. हेलिकॉप्टरला वायर कटरही बसवतात, पण पुरेशा वेगात तार समोरून आली तरच ते कापतं. तो शेवटचा उपाय.

पहिला उपाय जमिनीवरचा: नकाशावर प्रत्येक क्रॉसिंगची खूण, आधी उंचावरून एक फेरी, वारा जोरात असेल तर उड्डाण रद्द.

आता ड्रोनही हे काम करतात, त्यात माणसाचा जीव तरी टांगणीला नसतो.

काकांना हे सगळं सांगितलं. ते हसले. "आम्ही तरी वेगळं काय करतो? परमिट हातात आल्याशिवाय खांबावर चढायचं नाही!"

पटलं ना?