चमत्काराची गोष्ट सांगताना

मैत्रिणींनो, रविवारच्या शाळेतून आलेलं मूल जेवता जेवता एकदम विचारतं, "आई, पाच भाकरी पाच हजारांना कशा पुरल्या ग?" आणि आपण म्हणतो, "देवाला सारं येतं. जेव मुकाट्याने!"

असं करू नका. ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पण भाकरी एका मुलाजवळच्या होत्या आणि त्या जवाच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. तेवढंच धरा. "तुझा डबा कुणी मागितला असता तर?" एवढं विचारून गप्प बसा. आमच्या धाकट्याने बराच विचार करून सांगितलं, "दोन्ही मासळ्या नसत्या दिल्या. एक दिली असती." मी हसले नाही.

खरी कसोटी लागते ती याईराच्या मुलीच्या गोष्टीच्या वेळी. बारा वर्षांची मेलेली पोर उठून चालू लागते! सासूबाई गेल्या त्या वर्षी मोठीने विचारलं, "मग आजी का नाही उठली? मी तर रोज प्रार्थना करत होते."

प्रार्थना कमी पडली, असं चुकूनही सुचवू नका हं. ते ओझं मूल जन्मभर वाहतं. मी म्हटलं, "मलाही ठाऊक नाही, बाळा. मलाही त्यांची आठवण येते." दोघी रडलो. मग मार्काने लिहिलेली ती गोष्ट पुन्हा वाचली. मुलगी उठल्यावर, हिला काहीतरी खायला द्या, असं येशू सांगतो. हे तिने त्या दिवशी प्रथमच नीट ऐकलं.

"म्हणजे तिला भूक लागली होती?" ती म्हणाली. आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात डोकावली, "आज काय केलंयस ग?"