निळ्या पंपाची ‘सवय’ म्हणजे नेमके काय?

दम्याचा विषय निघाला की वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते, “पंप नको, त्याची सवय लागते.” आम्ही हे वाक्य पूर्ण खोडून काढत नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. पण ते चुकीच्या पंपाला चिकटले आहे.

निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल. श्वासनळ्यांभोवती स्नायूंचे वेढे असतात, दम्यात ते आवळतात. या स्नायूंच्या पेशींवर बीटा-२ नावाचे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल समजा. औषधाने बेल दाबली की आतले जी-प्रोटीन जागे होते, त्याच्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होतो आणि स्नायू सैल पडतो. काही मिनिटांत मोकळे वाटते.

पण कोणी दिवसभर बेल दाबत राहिले तर? एक एन्झाइम रिसेप्टरच्या आतल्या टोकाला फॉस्फेटच्या खुणा लावते. त्या खुणांवर अरेस्टिन हे प्रोटीन येऊन बसते. (नावातच अटक आहे.) आता बेल दाबली तरी आवाज जी-प्रोटीनपर्यंत पोचत नाही. हे मिनिटांत घडते. तरीही दाबणे चालूच राहिले तर पेशी बेलच आत ओढून घेते. विश्रांती मिळाली तर त्यातल्या बऱ्याच पुन्हा बाहेर बसवल्या जातात. मारा चालू राहिला तर मोडीत निघतात आणि एकूण संख्याच घटते. अशा रिसेप्टरांवरील संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

“पूर्वी दोन पफने भागायचे, आता चार लागतात,” या तक्रारीमागे हे एक कारण असते. दुसरे कारण आम्हाला जास्त घातक वाटते. निळा पंप फक्त स्नायू सैल करतो. नळीच्या आतली सूज तशीच राहते, वाढते, आणि तात्पुरत्या आरामामुळे घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

सूज उतरवतो तो दुसरा पंप, ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा. त्याने लगेच आराम वाटत नाही, शिवाय ‘स्टेरॉइड’ शब्दाची भीती, म्हणून लोक आधी तोच सोडतात. खरे तर तोच पेशीला नवे बीटा-२ रिसेप्टर बनवायला लावतो, म्हणजे निळ्या पंपालाही साथ देतो. दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी एकट्या निळ्या पंपावर राहू नये. साधारण २०० पफचे तीन किंवा जास्त पंप वर्षात संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो. बारा किंवा जास्त संपत असतील तर मृत्यूचाही.

हे वाचून घरातला निळा पंप फेकू नका. अटॅक आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप घ्यावाच लागतो. मात्र एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पफ घेऊनही दम उतरत नसेल, तर पंप चालू ठेवून थेट दवाखाना गाठा.

एरवी तपासणीला जाताना रिकामे पंप पिशवीत टाकून न्या आणि ते किती दिवसांत संपले ते डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही.