वाशीमला नारळ कुठे आहेत?

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातले दुसरे निसर्गचित्र काढले. पहिले शाळेत काढले होते आणि त्याबद्दल छडी खाल्ली होती. त्यानंतर पेन्सिलीचा व माझा संबंध वाण्याच्या हिशेबापुरताच उरला.

मुलगी एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेची तयारी करीत होती. तिच्याशेजारी बसून मीही एक कागद ओढला. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, वळणावळणाची नदी, झोपडी आणि दारात नारळाचे झाड. मुलीने पाहिले मात्र, आणि विचारले, "बाबा, वाशीमला नारळ कुठे आहेत?"

मी निरुत्तर झालो. वीस वर्षे वर्गात निसर्गवर्णन शिकवणारा मी, पण स्वतःच्या गावचे झाड नीट पाहिले नव्हते! डोंगरांचेही तेच. आपल्याकडचे डोंगर असे टोकदार नसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा काळा दगड. म्हणून माथा पोळपाटासारखा सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचा. शिवाय वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथल्या शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. अजिंठ्याशी नाते सांगणाऱ्या गावात राहून मी उसने नारळ काढीत होतो!

पुढच्या रविवारी सकाळीच गावाबाहेर एका धुऱ्यावर जाऊन बसलो. भर दुपारी सावल्या आखडतात आणि सारे सपाट दिसते, म्हणून सकाळ बरी. सामान थोडेच: दोन पेन्सिली, एक एचबी व एक टूबी, आणि मधोमध चौकोनी खिडकी कापलेला पुठ्ठा. त्या खिडकीतून पाहिले की अफाट शिवारातला कागदावर मावेल एवढाच तुकडा हाती लागतो. क्षितिजाची रेघ आपल्या डोळ्यांच्या उंचीवर येते. आपण खाली बसलो की तीही खाली बसते. हात ताठ करून पेन्सिलीवर अंगठ्याने मापे घेतली, तेव्हा कळले की समोरचा निंब मला वाटला त्याच्या निम्माच उंच होता. डोळे बारीक केले की पाने नाहीशी होतात, उजेड आणि सावली तेवढी उरते. दूरचे डोंगर फिकट ठेवायचे. मध्ये हवेचा पडदा असतो.

वाचकहो, खिशातल्या मोबाईलने हे दृश्य क्षणात टिपता आले असते. मला दोन तास लागले. पण त्या दोन तासांत मी त्या झाडाकडे जितका पाहत राहिलो, तितका कशाकडेच कधी पाहिलो नव्हतो.

इतक्यात शेताची मालकीण, एक म्हातारी, मागे येऊन उभी राहिली. "गुरुजी, हा तं आमचाच निंब हाये!" मी मनातल्या मनात फुगलो. तोच तिने विचारले, "पण त्याची मोडकी फांदी कुठी गेली?"

फांदी समोरच लोंबत होती. चित्रात बरी दिसणार नाही म्हणून मीच ती गाळली होती. खोडरबर काढले आणि ती फांदी काढायला बसलो. म्हातारी शेजारीच बसली, बरोबर येते की नाही ते पाहायला.