रंगभूमीवरील सहधर्म

‘सहधर्म’ हा शब्द आपण बहुधा विवाहमंडपापुरताच उच्चारतों. अरविंद व सुलभा देशपांडे या दांपत्यानें तो रंगभूमीवर आचरिला. सुलभाबाई मुंबईच्या छबिलदास शाळेंत शिक्षिका. १९६७ सालीं तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकांत, भ्रूणहत्येच्या आरोपाखालीं उभ्या केलेल्या शिक्षिका बेणारेची भूमिका त्यांनीं केली; दिग्दर्शन पतीचें. स्वपत्नीला अशी भूमिका देणें आमच्या मुरुडच्या कित्येक घरांस रुचलें नसतें. पण तीच त्यांची खरी ओळख ठरली. त्या नाटकावरील १९७१ च्या चित्रपटांत उभयतां दिसलीं. त्याच वर्षीं सहकाऱ्यांसह त्यांनीं ‘आविष्कार’ ही संस्था स्थापिली. १९८७ सालीं अरविंदराव निवर्तले. तरी सुलभाबाईंनीं काम थांबविलें नाहीं. २०१६ सालीं त्याही गेल्या. दोघांनीं घेतलेलें व्रत एकटीनेंही निभावणें, याहून निराळा सहधर्म तो कोणता?