एका कुडत्याला पंचेचाळीस मिनिटं

गेल्या श्रावणात रोह्याला नणंदेकडे गेले होते. पेणहून रोहा काही लांब नाही. सकाळच्या गाडीने निघालं की माणूस दुपारच्या पानाला हजर. पण घरात शिरले तर बसायला जागा नाही. पलंगावर, पाटावर, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर सगळीकडे कुडत्यांचे गठ्ठे. शेजारच्या दोघी आणि आमच्या वन्सं खाली माना घालून गळ्याभोवती टिकल्या टाकत बसलेल्या.

"वहिनी, चहा तुम्हीच टाका हं, परवा गठ्ठा परत द्यायचाय," वन्सं म्हणाल्या. चहा टाकला. मग मीही सुई घेतली. शिक्षिकेचा स्वभाव, घड्याळ लावूनच बसले. एका कुडत्याला पंचेचाळीस मिनिटं लागली, आणि वन्संचा हात माझ्यापेक्षा फारसा जलद नव्हता.

मजुरी विचारली. कुडत्यामागे चौदा रुपये! म्हणजे आठ तास मान मोडून बसलं तर दहा-अकरा कुडते, दीडशे रुपये. टिकल्या एजंटच्या, पण दोरा, सुया, दिव्याचं बिल आपलं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सांगितलेला मजुरीचा अगदी तळाचा दर दिवसाला १७८ रुपये होता. तोसुद्धा इथे गाठला जात नव्हता. वर मागच्या खेपेला तीन कुडत्यांवर डाग पडले म्हणून त्यांची पूर्ण किंमत कापून घेतलेली. डाग गठ्ठ्यात आधीपासून होता की घरात पडला, सांगणार कोण? कागद कुठे होता?

माझे सासरे मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणातल्या किती घरांच्या चुली त्या पगारावर चालत होत्या! गिरणीत त्रास नव्हता असं नाही. पण हजेरीपत्रक होतं, पगाराची चिठ्ठी होती, भांडायला युनियन होती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. पुढे त्या हळूहळू कमी होत गेल्या. कापड शिवायचं काम मात्र बायकांच्याच हातात राहिलं, फक्त हजेरीपत्रक गेलं.

आपल्याला वाटतं, हे दूरदेशीचे प्रश्न. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, अकराशेहून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली आणि वरच्या शिलाई-कामगारांना मात्र बोलावून घेतलं. त्यानंतर परदेशी कंपन्यांनी कारखान्यांच्या तपासणीचा करार केला. चांगलंच झालं. पण तपासणी करणारा कारखान्यात जातो, रोह्याच्या पलंगावर नव्हे. मुंबईच्या दुकानात कुडत्याला किंमत लागते तेव्हा मधल्या चार हातांत कुणी किती ठेवलं, हे वन्संना कधी कळत नाही. एजंटच्या वरचा माणूससुद्धा त्यांनी पाहिलेला नाही.

घरी बसून काम करणारीला कामगार म्हणताच येत नाही, असं मात्र नाही. विड्या वळणाऱ्या बायकांचं उदाहरण घ्या. १९६६ च्या कायद्याने घरी विडी वळणारीलाही कामगार मानलं, ओळखपत्रं मिळाली. सोलापूरजवळ कुंभारीला दहा हजार विडी कामगार बायकांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. तिथे बायका संघटित होत्या, हे विसरून चालणार नाही. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी, म्हणजे घरात बसून माल करणाऱ्यांसाठी, करार केला. अहमदाबादच्या सेवाने त्यासाठी खूप झगडा केला होता. भारताने मात्र त्याला मान्यता दिलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वेतन संहितेत नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दराहून कमी देऊ नये, असं आहे. पण 'ही आमची कामगारच नाही' असं मालक म्हणाला, की दाखवायला आपल्याकडे काय असतं?

म्हणून मी वन्संना एक शंभर पानी वही आणून दिली. गठ्ठा आला ती तारीख, किती नग, डागाळलेले किती, दर किती, परत कधी दिले, पैसे किती मिळाले. गठ्ठा एजंटसमोरच उघडायचा आणि डाग तिथेच दाखवायचा. दोरा-सुयांचा खर्च वेगळ्या पानावर. असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी २०२१ पासून आहे, तीही करून घेतली.

तिघींनी मिळून दर वाढवायला सांगितलं. एजंट हसला. पुढचे दोन आठवडे गठ्ठा तिघींपैकी एकीलाही नाही. शेजारची रडकुंडीला आली, तिच्या मुलाची फी थकलेली. "वहिनी, तुमचं काय जातंय, तुम्हाला पगार आहे," असं ती मला तोंडावर म्हणाली, आणि मला उत्तर सुचलं नाही.

दिवाळी तोंडावर आली तसा एजंट स्वतःच परत आला. दर सतरा रुपये झाला. दोरा आता तो देतो. शेजारचीलाही गठ्ठा मिळाला. वहीवर सही करा म्हटलं तर पहिल्यांदा नाही म्हणाला, मग एक आडवी रेघ ओढली. वन्संनी त्या रेघेशेजारी तारीख आणि वेळ लिहून ठेवली आहे.