हंसा वाडकर : भूमिका करणं आणि भूमिका घेणं

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एका नटीच्या आयुष्यात काय रस? रस आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठीच आज आपण जमलो आहोत. हंसा वाडकर यांचं आयुष्य सांगताना लोक बहुधा दोनच सूर लावतात. एक हळहळीचा: 'बिचारी!' दुसरा कुजबुजीचा: 'तिचं काय सांगावं!' दोन्ही सुरांत एक गोष्ट समान आहे. बाईंनी स्वतः काय सांगितलं, ते ऐकण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. म्हणून आज आपण आधी त्यांचं आयुष्य पाहू, मग ते समजून घेण्याचे मार्ग तपासू.

हंसाबाईंचा जन्म १९२३ चा, मुंबईतला. मूळ नाव रतन साळगावकर. घराण्याला कलावंतांची पार्श्वभूमी. बालपणाचा काही काळ सावंतवाडीत गेला. घरची ओढगस्त होती आणि मुलीला गाता-नाचता येत होतं, तेव्हा शाळा सुटली आणि सिनेमा सुरू झाला. १९३६ साली 'विजयाची लग्ने' आला तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. रतनची हंसा झाली, साळगावकरची वाडकर झाली. ज्या वयात आपण स्वतःच्या नावाने वहीवर लेबल लावतो, त्या वयात या मुलीचं नाव जाहिरातीसाठी बदललं गेलं.

याच सुमारास तिकडे हॉलिवूडमध्ये काय चाललं होतं, तेही बघू. फ्रान्सिस गम नावाची मुलगी १९२२ साली जन्मली. तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा ती बहिणींबरोबर रंगमंचावर उभी राहिली. तिचं नाव बदलून जूडी गार्लंड झालं, आणि १९३५ मध्ये, तेराव्या वर्षी, मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य स्टुडिओने तिला करारात बांधलं. ती १९६९ मध्ये गेली, सत्तेचाळिसाव्या वर्षी. हंसाबाई १९७१ मध्ये गेल्या, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. या दोघींना एकमेकींचं नावही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण लहानपणीच कमावती झालेली मुलगी, बदललेलं नाव, तिच्या कमाईवर चालणारं घर, दारू किंवा गोळ्या आणि अकाली मृत्यू ही साखळी दोन्हीकडे दिसते. इतक्या दूरच्या दोन ठिकाणी तीच साखळी दिसते, तेव्हा 'एकेकाचं नशीब' एवढं म्हणून भागत नाही.

आता कारकीर्द. बॉम्बे टॉकीजच्या हिंदी चित्रपटांत त्यांनी कामं केली. मग प्रभातचा 'संत सखू' आला, १९४१ मध्ये. दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं दिग्दर्शन. त्यात त्या सखू झाल्या. पुढे १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी'. व्ही. शांताराम यांच्या राजकमलची निर्मिती, जयराम शिलेदार रामजोशींच्या भूमिकेत आणि समोर हंसाबाईंची बया. मराठी तमाशापटांची जी लाट पुढे कित्येक वर्षं चालली, तिचा उगम या चित्रपटात सापडतो. नागपूरच्या मंडळींसाठी इथे एक सांगितलं पाहिजे. आपल्याकडची लोककला म्हणजे खडी गंमत आणि दंडार. तिथे बाईचं सोंग पुरुषच घेत आले. पश्चिम महाराष्ट्रातल्या संगीतबारीचं आणि ढोलकीफडाचं जग वेगळं. तिथे बाई स्वतः उभी राहते, आणि लोक तिला टाळ्या देतात, पैसे देतात, प्रतिष्ठा मात्र देत नाहीत. 'रामजोशी'ने ही बाई पडद्यावर आणली आणि मध्यमवर्गाने तिला डोक्यावर घेतलं. पडद्यावर, एवढंच.

१९५० मध्ये राजा परांजपे यांचा 'पुढचं पाऊल' आला. १९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका', जो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षं चालला. त्यात भाव खाऊन गेल्या त्या जयश्री गडकर. हंसाबाईही त्यात होत्या. एक पिढी उतरत होती, दुसरी चढत होती. पण त्या चित्रपटाचं नाव हंसाबाईंनी स्वतःजवळ ठेवून घेतलं. ते पुढे त्यांच्या आत्मकथनाचं नाव झालं.

या आत्मकथनाचा आपल्या विदर्भाशी संबंध आहे, बरं का. हंसाबाईंनी ते सांगितलं आणि शब्दांकन केलं अरुण साधू यांनी. साधू मूळचे आपल्या परतवाड्याचे. पुढे 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'चे लेखक झाले. २००७ साली याच नागपुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शब्दांकन केलं तेव्हा मात्र ते विशीतले पत्रकार होते. मजकूर 'माणूस' नियतकालिकासाठी तयार झाला आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने त्याचं पुस्तक केलं. बाई पुढच्याच वर्षी गेल्या.

पुस्तकात त्या काय सांगतात? लहान वयात, जगन्नाथ बंदरकर या वयाने मोठ्या माणसाशी लग्न झालं. लग्न करून चारचौघींसारखा संसार थाटावा, सिनेमा सोडावा, अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. कमाई थांबू देणं घराला परवडणारं नव्हतं. कमावती बाई हवी, पण कमावण्यासाठी ज्या जगात तिला जावं लागतं त्या जगाबद्दल संशयही घ्यायचा, असा पेच त्या सांगतात. गर्भपात, मारझोड, दारू हे सगळं त्या सांगतात, आणि स्वतःला कुठेही सोवळं करून घेत नाहीत. एकदा रागाच्या भरात घर सोडून त्या एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या एका गावी गेल्या. तिथे आधीच्या दोन बायका होत्या. सुमारे तीन वर्षं त्या वाड्यात डोक्यावर पदर घेऊन राहिल्या. बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. शेवटी नवऱ्याशी संपर्क साधून सुटका झाली. आणि त्या सुटकेच्या वाटेवरच, कायद्याच्या खुर्चीत बसणाऱ्या एका अधिकाऱ्याने अत्याचार केला, असं त्या सांगतात.

इथे थोडं थांबू आणि विचारू: हे सगळं का झालं? तीन उत्तरं सहसा मिळतात.

पहिलं नशीब. हे उत्तर सोयीचं आहे, कारण त्यात कोणीच जबाबदार राहत नाही. पण नशीब म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. स्पष्टीकरण शोधायचं थांबवलं याची ती कबुली आहे.

दुसरं स्वभाव. 'बाई फार रागीट, हट्टी, व्यसनी.' स्वभावाचा वाटा नाही असं कोण म्हणेल? त्या स्वतःच म्हणत नाहीत. पण एक तुलना करू. दुर्गा खोटे याच चित्रसृष्टीत, थोड्या आधी आल्या. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा त्यांचा गाजलेला चित्रपट. त्यांनाही दुःखं चुकली नाहीत. पण त्या मुंबईच्या सधन, शिकलेल्या लाड घराण्यातल्या होत्या. त्यांच्या पडद्यावर येण्याने चित्रसृष्टीचीच प्रतिष्ठा वाढली असं लोक म्हणाले. कलावंत घराण्यातली मुलगी आली, तेव्हा लोक म्हणाले की ही येणारच होती. धंदा एकच, कामाचे तास तेच, कॅमेरा तोच; मागे उभं असलेलं घर वेगळं. तेव्हा स्वभाव हे कारण खरं असलं तरी अपुरं आहे.

तिसरं उत्तर व्यवस्था. हंसाबाईंचं लग्न झालं त्या काळात मुंबई प्रांतात हिंदू बाईला सर्वसाधारण कायद्याने घटस्फोट मागता येत नव्हता. तिथे तो कायदा आला १९४७ मध्ये, आणि देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. नवऱ्याने दुसरी-तिसरी बायको करणं मुंबई प्रांतातही १९४६ पर्यंत गुन्हा नव्हता. म्हणजे नको असलेल्या घरातून बाहेर पडायला सरळ दार नाही. जो हात धरून बाहेर नेईल त्याच्याबरोबर जायचं, आणि मग त्याच्या वाड्यातून बाहेर पडायला पुन्हा पहिल्याच नवऱ्याला हाक मारायची. वाचकाला हे वागणं चंचल वाटतं. पण जिथे दारंच नाहीत तिथे माणूस खिडकीतून उडी मारतो. त्या उडीला आपण चंचलपणा म्हणतो.

तरीही व्यवस्था एवढंच उत्तर आपल्याला पुरत नाही. याच व्यवस्थेत हजारो बायका होत्या. त्यांतल्या फार थोड्यांनी असं पुस्तक मागे ठेवलं. व्यवस्थेने बाईंचं काय केलं हे कळलं. बाईंनी त्याचं काय केलं हा प्रश्न उरतोच. इथे आपली मराठी भाषा मदतीला येते.

'भूमिका' हा शब्द बघा. नट भूमिका करतो. आणि एखाद्या प्रश्नावर आपण भूमिका घेतो. करणं आणि घेणं, क्रियापद बदललं की अर्थ उलटा होतो. भूमिका करताना शब्द दुसऱ्याचे असतात, उभं राहण्याची जागा दुसऱ्याने खडूने आखलेली असते. भूमिका घेताना शब्द आपले आणि जबाबदारीही आपली. हंसाबाईंनी तेराव्या वर्षापासून भूमिका केल्या: पडद्यावर सखूच्या, बयेच्या, घरात कमावत्या लेकीच्या, बायकोच्या, मराठवाड्यातल्या वाड्यात पदर घेतलेल्या सवतीच्या. 'सांगत्ये ऐका' सांगायला बसल्या तेव्हा त्यांनी भूमिका घेतली.

संत सखूची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सासरचा छळ, पंढरीची ओढ. आणि सखू वारीला जाते तेव्हा विठ्ठल स्वतः सखूचं रूप घेऊन तिच्या जागी राबतो. म्हणजे देवाने भक्ताची भूमिका केली, म्हणून भक्ताला मोकळीक मिळाली. ती सखू ज्यांनी साकारली, त्यांच्या जागी उभं राहायला मात्र कोणी आलं नाही. पुढे १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यांच्या आत्मकथनावरून 'भूमिका' काढला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तोवर बाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पुस्तक आल्यावर शंका निघते: हे सगळं खरं कशावरून? दारू पिणारी बाई, आठवणीवर विसंबून बोलणारी, लिहून घेणारा तिसराच. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं हे ज्ञानाचं साधन आहे. विश्वासू कोण? ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने भाष्यात पुढे जे म्हटलं आहे ते आपण नेहमी विसरतो: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. म्हणजे सांगणाऱ्याचं कूळ हा निकष नाही. अलीकडे, २००७ मध्ये, मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी हाच धागा दुसऱ्या टोकाने पकडला. सांगणारा कोण आहे हे पाहून त्याच्या शब्दाचं वजन कमी करणं, हा त्याच्यावर जाणकार म्हणून केलेला अन्याय आहे, असं त्या मांडतात.

या कसोटीवर हंसाबाईंना लावून पाहू. स्वतः जाणलं आहे का? त्यांच्याइतकं कोणी जाणलं? जसं आहे तसं सांगण्याची इच्छा आहे का? जो माणूस स्वतःच्या सोयीचं सांगतो, तो स्वतःला वाचवतो. बाईंनी स्वतःला वाचवलेलं नाही. एखादी तारीख, एखादा तपशील चुकत असेल. ते कोणत्याही साक्षीत तपासावंच लागतं, आणि तपासावं. पण तपासणं वेगळं आणि बाई कुठल्या घरातली हे बघून आधीच कान बंद करणं वेगळं.

रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांची आत्मकथनं आपण आदराने वाचतो, आणि ती आहेतच तशी थोर. पण त्या दोघींजवळ एक मोठं नाव होतं, ज्याच्या आठवणी म्हणूनही लोक ती पुस्तकं हाती घेत. हंसाबाईंजवळ सांगण्यासाठी फक्त स्वतःचं आयुष्य होतं, तेही लोकांनी आधीच नावं ठेवून झालेलं.

त्यांच्या पुस्तकाच्या नावात दोन क्रियापदं आहेत. त्यातलं पहिलं त्यांनी पूर्ण केलं, मरणाच्या एक वर्ष आधी. दुसरं आज्ञार्थी आहे आणि ते आपल्याला उद्देशून आहे. तेव्हा पुस्तक मिळवा, वाचा. हळहळ आणि कुजबुज दोन्ही बाजूला ठेवून वाचा. प्रश्न असतील तर आता घेऊ या.