कालवडीला टोचलेली लस आपल्याला कशी वाचवते?

ताई, गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली की आपण म्हणतो, "नजर लागली." कधी तसं गाभडण्यामागे ब्रुसेलोसिस नावाचा रोग असतो, आणि तो माणसालाही होतो.

गाभडलेलं वासरू, वार आणि सोबतचं पाणी यांत या रोगाचे जंतू भरपूर असतात. कोठ्यातलं हे सगळं काम कोण करतं? आपणच बाया, तेही उघड्या हातांनी. हाताला चीर असली की जंतू आत जातात. कच्च्या दुधातूनही जातात. मग ताप येतो-जातो, रात्री घाम सुटतो, कंबर नि सांधे धरतात. मलेरिया, टायफॉईड समजून औषधं होतात, पण गुण येत नाही. खरं औषध निदान सहा आठवडे घ्यावं लागतं. म्हणून डॉक्टरांना आठवणीनं सांगा, "आमची गाय गाभडली होती."

या रोगाची लस माणसाला देत नाहीत. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा लागतही नाही, येतो तो जनावरांकडून. म्हणून तो जनावरातच अडवायचा. लस घेतलेली कालवड पुढं गाभण राहिली की गाभडण्याचा धोका बराच कमी होतो, आणि जंतू कोठ्यात सांडण्याचं प्रमाणही कमी होतं.

केंद्र सरकारच्या 2019 च्या कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ही लसही मोफत आहे. खुरकुताची लस सगळ्या गुरांना, वरचेवर. ही मात्र फक्त कालवडी आणि वगारींना, 4 ते 8 महिन्यांच्या वयात, जन्मात एकदाच. गोऱ्ह्याला नाही, गाभण जनावराला तर नाहीच. "लसीनं दूध आटतं," म्हणणाऱ्यांना विचारा, कालवडीचं काय आटणार? एखाद-दोन दिवस अंग तापेल, एवढंच. पण लसीत जिवंत जंतू असतात, टोचताना लेकरांना दूर ठेवा.

चूक होते ती वयात. पथक येतं तेव्हा वासरी दोन महिन्यांची असते, पुढच्या वेळी वर्षाची. गटाच्या वहीत कालवड जन्मली ती तारीख लिहा आणि चौथा महिना लागला की पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

बकऱ्यांनाही हा रोग होतो, पण या कार्यक्रमात त्यांना लस नाही. बकरी गाभडली तर हातात प्लास्टिकची पिशवी घालूनच उचला, विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांपुढं टाकू नका. दूध, मग ते बकरीचं का असेना, उकळूनच प्या.